मिठावर बोलायचे आहे? आधी फडके आणि तांदळाचे पीठ काढा

घरगुती प्रार्थना सभेत 'मीठ' हा विषय वाट्याला आला की आपली तयारी बहुधा एकाच वळणाने जाते. कागदावर मिठाचे गुण लिहायचे: चव आणते, टिकवते, जखम साफ करते, तहान लावते, बर्फ वितळवते. प्रत्येक गुणासमोर विश्वासणाऱ्याचे एक कर्तव्य. सात गुण, सात कर्तव्ये, शेवटी प्रार्थना आणि चहा. (गालीलात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ कोण टाकत होते, हे मला अजून उमगलेले नाही. परदेशातल्या थंडीतून ते आपल्या संदेशांत शिरले असावे.)

मीही मिठावरचा पहिला संदेश असाच दिला होता. संपल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या आत्याने विचारले, "सगळं पटलं रे बाळा, पण मीठ कधी खारटपणा सोडतं का? माझ्या बरणीतलं दोन वर्षांचं मीठसुद्धा खारटच आहे." माझ्या सात गुणांत याचे उत्तर नव्हते. आणि आत्याने विचारले ते बाहेरचे काही नव्हते, 'मिठाचा खारटपणाच गेला तर' या येशूच्या वाक्यातलेच होते.

पुढच्या पायऱ्या त्या प्रश्नाच्या मागे लागून सुचलेल्या आहेत. रविवार शाळेत, तरुण संघात, आळीतल्या प्रार्थना सभेत किंवा धर्मग्रामातल्या लहान ख्रिस्ती समूहात ज्याला पंधरा-वीस मिनिटे बोलायचे आहे, त्याच्यासाठी. माझे मत आधीच सांगून टाकतो: मराठी माणसाला मिठाच्या वचनांपर्यंत नेणारी सर्वांत जवळची वाट चवीची नाही. ती खाल्ल्या मिठाला जागण्याची आहे. चव नंतर आपोआप येते.

पहिली पायरी: वचने गोळा करा, ढीग लावा

फोनवरच्या बायबल ॲपमध्ये शोधणार असाल तर एक बारीकशी मेख आहे. 'मीठ' टाइप केले की 'मिठाचा', 'मिठाने' ही रूपे सापडत नाहीत, कारण प्रत्यय लागला की दीर्घ 'मी'चा ऱ्हस्व 'मि' होतो. म्हणून 'मीठ' आणि 'मिठा' दोन्ही शोधा. 'खारट' आणि 'क्षार' हेही टाकून पाहा. मृत समुद्र आपल्याकडच्या जुन्या करारात 'क्षारसमुद्र' म्हणून भेटतो.

सापडलेली वचने हाताने वहीत उतरवा, नुसते आकडे नकोत. लिहिताना पेन ज्या शब्दाशी अडखळते, तो शब्द बहुधा कामाचा निघतो. मग ढीग लावा. माझे असे पडतात. एक, वेदीजवळचे मीठ: लेवीय 2:13, गणना 18:19, दुसरे इतिहास 13:5, धूपाच्या मिश्रणात मीठ घालायला सांगणारे निर्गम 30:35, आणि यहेज्केल 43:24. दोन, घरातले मीठ: मिठावाचून बेचव पदार्थ कसा खावा असे विचारणारा ईयोब (6:6), नवजात बाळाला मीठ चोळण्याची चाल सांगणारे यहेज्केल 16:4, आणि एज्रा 4:14. तीन, उजाड करणारे मीठ: मिठाचा खांब झालेली लोटाची बायको (उत्पत्ती 19:26), शखेम नगर पाडून त्यावर मीठ पेरणारा अबीमलेख (शास्ते 9:45), यिर्मयाची खारवट, निर्जन जमीन (17:6). चौथा ढीग नव्या करारातला: मत्तय 5:13, मार्क 9:49-50, लूक 14:34-35 आणि कलस्सैकरांस पत्र 4:6.

यरीहोचे वाईट पाणी मीठ टाकून बरे करणारा अलीशा (दुसरे राजे 2:19-22) कुठल्याच ढिगात बसत नाही. त्याला तूर्त बाजूला ठेवा.

एवढे झाले की एक गोष्ट उघड दिसते. शास्त्रात 'मीठ म्हणजे अमुक' असा एकच अर्थ नाही. तोच पदार्थ अर्पणात हवा आहे, ताटात हवा आहे आणि शत्रूच्या जमिनीवर शाप म्हणूनही पडतो आहे. म्हणून प्रत्येक वचनाला एकच प्रश्न विचारायचा: इथे मीठ नेमके काय करते आहे?

दुसरी पायरी: वेदीपाशी थांबा

बहुतेक संदेश थेट मत्तयात उडी घेतात. तसे करू नका. लेवीयाचा दुसरा अध्याय शांतपणे वाचा. अन्नार्पणाचे नियम आहेत: सपीठ, तेल, ऊद. अकराव्या वचनात सांगितले आहे की खमीर आणि मध वेदीवर जाळायचा नाही. लगेच तेराव्यात: मिठाशिवाय एकही अन्नार्पण नको. या दोन नियमांच्या मध्ये एकच वचन आहे. कारण तिथे दिलेले नाही, पण ज्या घरात उन्हाळ्यात लोणच्याची बरणी भरली जाते तिथे ते फारसे समजावावेही लागत नाही. खमीर पीठ फुगवते, ओलावा लागलेला मध आंबतो. दोघेही पदार्थाला दुसरेच काहीतरी करून टाकतात. मीठ पदार्थाला आहे तसा धरून ठेवते.

आणि त्या तेराव्या वचनात या मिठाला नावच दिले आहे: देवाच्या कराराचे मीठ.

पुढे गणना 18:19 मध्ये अहरोन आणि त्याच्या वंशाला अर्पणांतला वाटा कायमचा दिला जातो, तेव्हा त्याला 'मिठाचा करार' म्हटले आहे. दुसऱ्या इतिहासात अबीया राजा डोंगरावर उभा राहून यराबामाला आणि इस्राएलाला सुनावतो की देवाने दावीदाला व त्याच्या वंशाला राज्य मिठाच्या कराराने दिले आहे, ठाऊक नाही का? दोन्हीकडे 'मिठाचा' म्हणजे 'मोडायचा नाही असा'.

मीठ आणि शब्द पाळणे यांची सांगड कशी पडली? त्याचा धागा एज्रा 4:14 मध्ये दिसतो. यरुशलेमेचे बांधकाम थांबवायला निघालेले अधिकारी पारसाच्या राजाला पत्र लिहितात. मूळ अरामी मजकुरात ते शब्दशः म्हणतात की आम्ही राजवाड्याचे मीठ खातो, म्हणून राजाची अप्रतिष्ठा आम्हाला पाहवत नाही. काही भाषांतरांत हे मीठ गाळून नुसतेच 'राजाचे अन्न' किंवा 'सेवा' येते. तुमच्या प्रतीत काय आहे ते पाहून घ्या. इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते. आपल्याला लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणे, मीठ खाऊन उलटणे, नमकहराम: हे आपण शेजाऱ्याच्या भांडणातही बोलतो. यातली गंमत सोडू नका: खाल्ल्या मिठाला जागतो असे एवढ्या साळसूदपणे म्हणणारे हे लोक देवाच्या घराचे विरोधक आहेत. मिठाला जागणे नुसते पुरत नाही; कुणाचे मीठ, हेही पाहावे लागते.

सभेत इथे श्रोत्यांनाच विचारा: "तुमच्याकडे 'मिठाला जागला' असं शेवटचं कुणाबद्दल म्हटलं होतं?" कुणी तीस वर्षे एकाच दुकानात राहिलेल्या माणसाची आठवण सांगेल, कुणी पडत्या काळात न सोडून गेलेल्या सुनेची. दोन आठवणी पुरेत. मिठाचा करार लोकांना कळला.

तिसरी पायरी: आत्याच्या प्रश्नाला उत्तर द्या

आता मत्तय 5:13. तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात; पण मिठाचा खारटपणाच गेला तर ते कशाने खारट करणार? ते बाहेर फेकून माणसांच्या पायांखाली तुडवण्याच्याच कामाचे.

आत्या बरोबर होती. आपल्या बरणीतले शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, नुसते ठेवून अळणी होत नाही. पाणी सुटेल, गोळे होतील, पण खारटपणा जाणार नाही. मात्र त्या काळी पॅलेस्टाइनमधले बरेच मीठ क्षारसमुद्राच्या काठचे असे, आणि ते आपल्या पाकिटासारखे नव्हते. त्या समुद्रात साधारण 34 टक्के क्षार आहेत. साध्या समुद्रात 3.5 टक्क्यांच्या आसपास असतात. पण त्या क्षारांत आपले खाण्याचे मीठ निम्म्याहूनही कमी. मॅग्नेशियमचे क्षार त्याहून जास्त. काठावरून खरवडलेल्या ढेकळांत जिप्सम आणि माती मिसळलेली. असा साठा दमट जागी पडला, त्यावर पाणी झिरपले, की विरघळणारे मीठ आधी निघून जाते आणि न विरघळणारा पांढरा चोथा मागे राहतो. दिसायला मीठच. जिभेला काहीच नाही.

हे तोंडी सांगू नका, करून दाखवा. दोन चमचे बारीक मीठ आणि चार चमचे तांदळाचे पीठ एकत्र कालवा. रंग जुळतो, म्हणून पीठच घ्यायचे. एका मुलाला चिमूटभर चाखायला द्या. तोंड वाकडे करून तो "खारट" म्हणेल. मग हे मिश्रण दुपदरी मलमलच्या फडक्यात घेऊन घट्ट पुरचुंडी बांधा. गार पाण्याच्या पातेल्यात बुडवून हलक्या हाताने दाबा, पाणी ओतून द्या, नवे घ्या. चार-पाच वेळा. पाणी थोडे दुधाळ होईल, घाबरू नका. पीठ बरेचसे आतच राहते. गरम पाणी मात्र घेऊ नका, नाहीतर पिठाची खळ होते आणि सभेत हसू होते. शेवटी पुरचुंडी पिळून उघडा आणि त्याच मुलाला पुन्हा चाखवा. माझ्या अनुभवात या क्षणी खोलीत जी शांतता होते, तिच्या जवळपासही सात गुणांची यादी कधी गेलेली नाही.

या खुलाशाबरोबर दुसराही एक विचार लोकांपुढे ठेवा, कारण सगळे अभ्यासक मिठाच्या भेसळीवर समाधानी नाहीत. बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी यहोशुआ बेन हनन्या यांची एक गोष्ट आहे. त्यांना विचारतात, मीठ नासले तर ते कशाने खारवायचे? ते म्हणतात, खेचरीच्या वारेने, म्हणजे पिल्लू झाल्यावर पडणाऱ्या जारेने; आणि खेचरी तर सहसा वीतच नाही. खेचरीला कुठे वार असते? मग मीठ तरी कुठे नासते! म्हणजे 'खारटपणा गेलेले मीठ' हे ऐकणाऱ्याला मुळातच अशक्य वाटावे असे बोलणे असू शकते. मीठ असून अळणी? शिष्य असून येशूसारखे काहीच नाही? छे, हे होणारच कसे. आणि तरी ते होते, हाच त्या वाक्याचा चटका. दोन्ही खुलासे मला पटतात. फडके दाखवायचे असेल तर पहिला, मोठ्यांच्या गटात बोलायचे असेल तर दुसरा.

आणखी एक शब्द वहीत टिपून ठेवा. मत्तय आणि लूक यांच्या ग्रीकमध्ये 'खारटपणा गेला' या ठिकाणी जे क्रियापद आहे (मोराइनो), त्याचा नेहमीचा अर्थ 'मूर्ख होणे'. अक्कल गेलेले मीठ! मार्क मात्र सरळ 'अळणी' झाले म्हणतो. चव आणि शहाणपण यांचे हे नाते लॅटिन चर्चनेही जपले होते. जुन्या रोमन विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवून 'ज्ञानाचे मीठ घे' असे म्हणत. 1969 च्या नव्या विधीत हा भाग राहिला नाही. वसईत किंवा गोव्यात तुमच्या सभेला साठी ओलांडलेले कॅथलिक आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या जिभेने हे मीठ चाखलेले आहे. त्यांना आठवणार नाही, पण आपल्या धाकट्या भावंडांच्या वेळचे त्यांनी पाहिलेले असू शकते. त्यांना बोलते करा.

चौथी पायरी: प्रत्येक वचनाचे शेजारी पाहा

मिठाचे वाक्य तीन शुभवर्तमानांत आहे आणि तिन्हींत त्याचे शेजारी वेगळे आहेत. एकातले उचलून दुसऱ्यात टाकले की संदेश पातळ होतो.

मत्तयात त्याच्या आधी धन्योद्गार, म्हणजे येशूची 'धन्य ते' अशी वाक्ये, आहेत, आणि त्यांतला शेवटचा छळ सोसणाऱ्यांचा. लोक निंदा करतील, खोटेनाटे बोलतील, आनंद करा. आणि लगेच, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात. म्हणजे हे कौतुक बसल्या जागी मिळालेले नाही. ग्रीकमध्ये 'तुम्ही' ठासून म्हटलेले आहे आणि ते अनेकवचन आहे. मराठीत इथे घोटाळा होतो, कारण 'तुम्ही' आपण एकट्या पाहुण्यालाही म्हणतो. सभेत वाचताना 'तुम्ही सगळे मिळून' असे एकदा फोडून सांगा. मिठाचा एकटा कण कुणी आमटीत टाकत नाही. क्रियापदाकडेही पाहा: 'आहात' आहे, 'व्हा' नाही. 'मीठ व्हा' या मथळ्याचे संदेश इथेच चुकतात.

हे वचन ऐकणारे कोण होते, तेही डोळ्यांपुढे आणा. गालीलचे सरोवर गोड्या पाण्याचे. त्याच्या काठी मासे पकडणारे आणि खारवणारे लोक. काठावरच्या मग्दाला गावाची ओळख ज्या तारिखेआय या ग्रीक नावाशी जोडतात, ते नाव खारवलेल्या माशांवरूनच पडलेले आहे. येशूच्या पहिल्या शिष्यांत चौघे कोळी. मासळी दुपारपर्यंत मीठ लावल्याविना राहिली तर काय होते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. उत्तन, वसई किंवा मालवणच्या किनाऱ्यावर बोलत असाल तर हा भाग तुम्ही सांगू नका; मासे खारवणाऱ्या बाईलाच सांगू द्या. किती माशाला किती मीठ, पोट फाडून आत मीठ का भरायचे, एक दिवस उशीर झाला तर काय. ती तुमच्यापेक्षा चांगला संदेश देईल.

मत्तयाचा उतारा कॅथलिक मिस्सेत 'अ' वर्षाच्या (तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या पहिल्या वर्षाच्या) सामान्य काळातल्या पाचव्या रविवारी येतो, आणि त्याच्यासोबत पहिले वाचन यशयाच्या 58 व्या अध्यायातले असते: भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, उघड्याला पांघरूण दे. ही जोडी मला फार आवडते. मिठाने करायचे काय, याचे उत्तर तिथे भाकरीच्या भाषेत दिलेले आहे.

मार्क नवव्या अध्यायात वेगळीच गोष्ट आहे. शिष्य वाटेत भांडत आलेत: आपल्यात मोठा कोण? कफर्णहूमच्या घरात येशू विचारतो, वाटेत काय बोलत होता, आणि सगळे गप्प. तिथून सुरू झालेले बोलणे मिठावर येऊन थांबते: प्रत्येक जण अग्नीने खारवला जाईल, आपल्यामध्ये मीठ असू द्या आणि एकमेकांशी शांतीने राहा. अग्नी आणि मीठ ही तर लेवीयातल्या वेदीची जोडी. काही हस्तलिखितांत इथे 'प्रत्येक अर्पण मिठाने खारवले जाईल' असे वाक्यही आहे. मत्तयात कराराचा शब्द नाही, हे मी मान्य करतो; पण मार्क वाचताना वेदीचे मीठ विसरणे कठीण जाते. म्हणूनच दुसऱ्या पायरीवर एवढा वेळ घालवला. एका करारात बांधलेली माणसे मोठेपणावरून भांडतात, तेव्हा ती आपले मीठच विसरलेली असतात. ही सांगड माझी आहे; सभेत सांगाल तेव्हा 'मला असे समजते' म्हणूनच सांगा.

मंडळीत निवडणुकीवरून किंवा जागेवरून तट पडले असतील, तर मत्तय ठेवून द्या आणि मार्क घ्या. फार काही बोलावे लागणार नाही. भांडणापासून शांतीपर्यंतचा उतारा सलग मोठ्याने वाचला तरी पुरे.

लूकमध्ये मीठ हिशेबाच्या गोष्टींनंतर येते. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी खर्च मोजतो. दहा हजारांच्या फौजेचा राजा वीस हजारांशी लढायच्या आधी बसून विचार करतो. मागे चालणारी गर्दी मोठी आहे, आणि येशू तिला चाळतो आहे. बेचव मीठ जमिनीच्याही उपयोगाचे नाही आणि खताच्या ढिगाच्याही नाही, असे तो म्हणतो. शहरी श्रोत्याला इथे कोडे पडते: मीठ आणि जमिनीचा काय संबंध, मिठाने तर जमीन मरते. तळकोकणातला किंवा गोव्यातला माणूस हसेल. माडाच्या आळ्यात मीठ घालणे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. बेताने घातलेले मीठ मातीच्या कामाचे असू शकते, हे त्या काळच्या शेतकऱ्यांनाही ठाऊक असावे, असे काही अभ्यासक याच वचनावरून मानतात. ग्रीकमध्ये 'पृथ्वी' आणि 'जमीन' यांना एकच शब्द आहे (गे). 'तुम्ही मातीचे मीठ आहात' असे वाचून पाहा. पृथ्वीच्या गोलावरून एकदम पायाखालच्या वाफ्यात येतो आपण.

पाचवी पायरी: मराठी कान सांभाळा

आपल्या भाषेत मिठाचे वाक्प्रचार भरपूर, आणि त्यांतले निम्मे शिव्या आहेत. हे लक्षात न घेता बोललात की अर्थाचा अनर्थ होतो. दुधात मिठाचा खडा पडला म्हणजे सगळे नासले. जखमेवर मीठ चोळणे म्हणजे दुष्टपणा. आणि कलस्सैकरांना पौल लिहितो की तुमचे बोलणे नेहमी कृपायुक्त, मिठाने रुचकर केलेले असावे. हे ऐकताच आपल्याला आठवते मीठमिरची लावून सांगणे! एका तरुण संघात मी हे वचन वाचले तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली. कारण विचारले तर एकजण म्हणाला, "आमच्या चाळीत हे वचन सगळे पाळतात."

त्यावर रागावू नका, तीच सुरुवात करा. मीठमिरची लावणारा बोलणे चविष्ट करतो ते ऐकणाऱ्याला खिळवण्यासाठी. ज्याच्याविषयी बोलतो त्याचे काय होईल याची त्याला फिकीर नसते. पौलाच्या वाक्यात मिठाच्या आधी कृपा आहे, आणि शेवट आहे: प्रत्येकाला कसे उत्तर द्यावे हे समजावे म्हणून. आधीचे वचन 'बाहेरच्या' लोकांशी शहाणपणाने वागा असे सांगते. म्हणजे ऑफिसातला सहकारी, गल्लीतला शेजारी, ट्रेनमध्ये 'तुमच्यात काय करतात हो' असे विचारणारा प्रवासी. त्याला पाठ केलेले अळणी उत्तर देऊ नका, तिखटही नको. आणि हे लिहिणारा पौल त्याच परिच्छेदात स्वतःला बेड्यांत असलेला म्हणवतो.

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हणही कुणीतरी काढणारच. ती चांगली वापरता येते. म्हणीत दोष चाखणाऱ्याचा आहे: मीठ ठीक आहे, सून आवडत नाही म्हणून अळणी लागते. येशूच्या वाक्यात दोष मिठाचा आहे. मंडळीला लोक नाके मुरडतात तेव्हा आपण झटकन म्हणीचा आसरा घेतो: आम्ही नावडते, म्हणून. कधी ते खरे असते. धन्योद्गारांनीच तशी सूचना दिली आहे. पण आधी फडके उघडून पाहावे.

सहावी पायरी: हे गाळा

रोमी सैनिकांना पगार मिठात मिळे, हे वाक्य. पगारासाठीच्या लॅटिन शब्दाचे (सालारियुम) मिठाशी नाते आहे, पण शिपायांच्या हातावर मीठ मोजून ठेवत असल्याचा पुरावा नाही. वाक्य छान आहे, म्हणूनच सुटत नाही.

अलीशाचे रसायनशास्त्र. मीठ पाणी शुद्ध करते म्हणून यरीहोचा झरा बरा झाला, असे सांगू नका. मिठाने पाणी पिण्याजोगे होत नाही, उलट होते. नव्या वाडग्यातून भलतीच वस्तू ओतली आणि पाणी निर्मळ झाले, हाच तिथला चमत्कार; खुलासा करायला जाल तर तोच हातून जाईल.

दांडी आणि शिरोडा. 1930 चा सत्याग्रह मोठाच, पण तो आला की श्रोते मिठाच्या कायद्यात शिरतात आणि लेवीय मागे राहते. अन्याय्य कराविषयीच बोलायचे असेल तर कॅथलिक बायबलातल्या पहिल्या मक्काबीच्या दहाव्या अध्यायात राजा देमेत्रियस यहुद्यांना मिठाच्या करातून सूट देऊ करतो, तिथून सुरुवात करा.

सातवी पायरी: वीस मिनिटे कशी वाटावी

वचन एकच घ्या. मत्तय, मार्क, लूक किंवा कलस्सै, चारही नकोत. पहिली तीन-चार मिनिटे फडक्याला द्या. पुरचुंडी धुण्याचे काम एखाद्या मुलाकडे सोपवा आणि ते चालू असताना लेवीय 2:13 वाचा, म्हणजे वेळ मोकळा जात नाही. मग मिठाला जागण्याच्या आठवणी, पाच-सहा मिनिटे. इथे तुम्ही कमी बोला. नंतर तुमचे मुख्य वचन त्याच्या शेजाऱ्यांसह, आठ मिनिटे. उरलेल्या वेळात प्रश्न घ्या आणि उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्यावर ठेवा. आत्याला मी तसेच केले होते, आणि ती पुढच्या आठवड्यात आठवणीने पहिल्या रांगेत बसली होती.

रविवार शाळेतल्या लहान मुलांना करार, तालमूद, ग्रीक काही नको. फडके आणि 'तुम्ही सगळे मिळून' एवढेच.

सामानाची यादी: पातेले, दुपदरी मलमल, मीठ, तांदळाचे पीठ, हात पुसायला एक टॉवेल. पुरचुंडीतले ओले पीठ फेकू नका. घरी नेऊन भाकरीच्या पिठात मळता येते. मीठ मात्र नव्याने घालावे लागेल.